फाटके पान आणि रिकामी खुर्ची : कालप्रवासकथेच्या शेवटाविषयी

कालप्रवासाची कथा वाचताना वाचक पहिल्याच पानावर एक अशक्य गोष्ट मान्य करतो. माणूस स्वतःचा काळ सोडून दुसऱ्या काळात जातो, हे त्याला अनुभवाने कधीच पटलेले नसते. तरीही तो लेखकाला अडवून पुरावा मागत नाही. पुरावा मागण्याचा हक्क तो शेवटापर्यंत राखून ठेवतो. म्हणूनच या जातीच्या कथेची विश्वसनीयता आरंभी किंवा मध्यावर ठरत नाही. ती शेवटी ठरते आणि तेथून मागे सबंध कथेवर पसरते. रहस्यकथेचा शेवट फसला तर वाचक हिरमुसतो, पण खून झाला होता हे तरी खरे राहते. कालप्रवासकथेचा शेवट फसला तर काही घडलेच नव्हते, अशी तिची गत होते.

हा विचार आम्हांला सुचला तो वर्गात. आम्ही दोघे मराठी शिकवतो, एक बारामतीत आणि दुसरा इंदापुरात. तालुके शेजारचे असल्यामुळे वर्षातून दोन-तीनदा दोन्हीकडच्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एखादी कथा सावकाश वाचण्याचा प्रघात आम्ही पाडला आहे. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले, तेव्हा त्यानंतरच्या बैठकीला 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्यायचे हे वेगळे ठरवावे लागले नाही. या कथेचे इंग्रजी रूप 'द ॲडव्हेंचर' एनसीईआरटीच्या अकरावीच्या, २००६ साली निघालेल्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे काही मुलांना ती आधीच ठाऊक होती. वाचन संपले आणि वर्गात सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, पंतांना अपघातात डोक्याला मार लागला आणि बाकीचा सगळा भास. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ते पान खिशात होते त्याचे काय?

ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी तिचा सांगाडा असा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात, जिथे इंग्रजांचा अंमल अजून टिकून आहे. मुंबईबाहेरचा देश मात्र स्वतंत्र आहे. आपला मुलगा ज्या कचेरीत नोकरी करतो तिथे ते जातात, तर त्या नावाचा कोणी तिथे नाही. मग ते अस्सल इतिहासकाराला शोभेल असे करतात, म्हणजे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय गाठतात. इतिहास नेमका कोठे वळला हे पाहता पाहता ते १७६१ पाशी येऊन थांबतात. या जगात पानिपतावर विश्वासराव वाचले आहेत आणि मराठ्यांनी लढाई जिंकली आहे. संध्याकाळी आझाद मैदानावर एक सभा चालू दिसते. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. नऊशे नव्व्याण्णव सभांची अध्यक्षपदे भूषवलेल्या पंतांना ते सहन होत नाही. ते जाऊन खुर्चीत बसतात; पण अध्यक्षीय भाषणांची प्रथा मोडून टाकलेले ते श्रोते खवळतात, आणि त्या गर्दीत पंत दिसेनासे होतात. त्यानंतर ते आपल्या जगात सापडतात आणि राजेंद्र देशपांडे या वैज्ञानिक मित्राला सगळी हकीगत सांगतात.

आता शेवट. तो एक नाही, तीन पदरी आहे आणि हे तीन पदर वेगवेगळे काम करतात. पहिला पदर पुराव्याचा. पंतांनी ग्रंथालयात 'भाऊसाहेबांची बखर' चाळली होती आणि अनवधानाने ती खिशात घातली होती. आझाद मैदानावरच्या धक्काबुक्कीत पुस्तक हरवले, एक फाटके पान तेवढे राहिले. त्या पानावर गोळी विश्वासरावांना चाटून गेल्याचे लिहिले आहे. पंत शेजारी आपल्या संग्रहातली बखर उघडून ठेवतात. तिच्यात त्याच प्रसंगी गोळी लागते. दुसरा पदर स्पष्टीकरणाचा. राजेंद्र 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी'चा आणि पुंजयामिकीचा आधार घेऊन सांगतो की काही क्षणी वास्तव एकाहून अधिक वाटांनी जाऊ शकते आणि पंत एका वाटेवरून दुसरीवर गेले असावेत. तिसरा पदर वरवर पाहता विनोदी आहे. आपले हजारावे अध्यक्षीय भाषण आझाद मैदानावर अर्धवट राहून का होईना होऊन गेले, असे सांगून पंत पानिपतावरील परिसंवादाचे अध्यक्षपद नाकारतात.

वर्गात चर्चा झाली ती बहुतेक दुसऱ्या पदरावर. विज्ञानकथा म्हटली की विज्ञान बरोबर आहे का, हा प्रश्न मुले प्रथम विचारतात आणि ते स्वाभाविकही आहे. फ्रेंच गणिती रने तोम यांचा या उपपत्तीवरील ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. लहानशा बदलातून एखादी व्यवस्था एकाएकी दुसऱ्याच स्थितीत कशी उडी घेते, हे सांगणारी ही गणिती मांडणी त्या दशकात फार चर्चेत होती. दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या असताना एका गोळीने सैन्याचे मनोधैर्य टिकावे किंवा कोसळावे, याला ती शोभते. परंतु आमच्या मते या स्पष्टीकरणाने कथा पटत नाही, फक्त पटलेल्या कथेला आधार मिळतो. राजेंद्रचे सगळे विवेचन जसेच्या तसे ठेवा आणि ते पान काढून टाका. मग उरतो एक अपघातग्रस्त गृहस्थ आणि त्याची समजूत काढणारा हुशार मित्र. उलट पान ठेवा आणि विवेचन काढा. कथा गूढ होईल, पण खोटी वाटणार नाही.

कथेच्या शेवटी हाती उरलेल्या वस्तूची ही युक्ती जुनी आहे. कवी कोलरिजच्या एका टिपणात अशी कल्पना आहे की एखाद्याला स्वप्नात स्वर्गाची सफर घडावी, तेथे गेल्याची खूण म्हणून त्याला एक फूल मिळावे आणि जाग आल्यावर ते फूल हातात असावे, मग काय? बोर्हेसने याच फुलावर एक निबंध लिहिला आणि एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीतली फुले त्याच्या शेजारी ठेवली. वेल्सचा प्रवासी भविष्यातून दोन कोमेजलेली फुले घेऊन येतो, पुन्हा निघून जातो आणि परतत नाही. निवेदकाजवळ फुले तेवढी राहतात. रे ब्रॅडबरीच्या 'अ साउंड ऑफ थंडर' (१९५२) या कथेत भूतकाळात शिकारीला गेलेल्या माणसाच्या बुटाच्या चिखलात एक मेलेले फुलपाखरू निघते आणि परत आल्यावर पाटीवरचे शुद्धलेखन व निवडणुकीचा निकाल दोन्ही बदललेले असतात.

नारळीकरांची वस्तू या परंपरेतली असूनही वेगळी आहे. फूल किंवा फुलपाखरू ही निसर्गातली वस्तू आहे. ती पाहणाऱ्याला काही सांगत नाही. पान हा मजकूर आहे. तो वाचावा लागतो, दुसऱ्या मजकुराशी ताडून पाहावा लागतो, आणि हे काम इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे. पंतांनी फूल आणले असते तर ते वनस्पतिशास्त्रज्ञाकडे न्यावे लागले असते. बखरीचे पान ते स्वतः तपासू शकतात आणि वाचकही त्यांच्या शेजारी बसून ते तपासतो. इथे आणखी एक गंमत आहे, जी इतिहासाच्या विद्यार्थ्याच्याच लक्षात येईल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात पानिपतपर्यंतच्या काळातली पत्रे आहेत, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका केली आहे. घटनेनंतर ऐकीव माहितीवर रचलेल्या बखरीपेक्षा त्या वेळचे अस्सल पत्र श्रेष्ठ, हा धडा मराठी इतिहाससंशोधनाने त्यांच्याकडून घेतला. मग ज्या साधनावर आपल्याच जगात शंका घेतली जाते, ते दुसऱ्या जगाचा पुरावा म्हणून कसे चालेल? आमच्या एका विद्यार्थ्याने हाच प्रश्न केला आणि त्याचे उत्तरही त्याच चर्चेत निघाले. पान खरे सांगते की खोटे, हा इथे प्रश्नच नाही. दोन बखरी एका जागेपर्यंत जुळतात आणि तिथून वेगळ्या होतात, एवढेच दिसायला हवे. अविश्वसनीय साधनसुद्धा या एका गोष्टीपुरते पुरेसे ठरते. उलट राजेंद्रपुढे एकदम अस्सल राजपत्र आले असते तर वाचकाला ती लेखकाने केलेली सोय वाटली असती.

पानिपताशी या प्रश्नाचा संबंध केवळ कथेपुरता नाही. शेवट नीट न कळल्याने काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने प्रत्यक्षात घेतलेला आहे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत विश्वासराव पडले हे निश्चित कळले. सदाशिवरावभाऊंचे तसे झाले नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताच्या वृत्तांतात भाऊंचा देह सापडल्याची, तो ओळखला गेल्याची आणि अंत्यसंस्कारांची हकीगत आहे. पण दक्षिणेत पुष्कळांच्या मनात भाऊ गर्दीत नाहीसे झाले, एवढेच राहिले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. या मोकळ्या सोडलेल्या जागेत एक माणूस येऊन उभा राहिला. 'मीच भाऊ' म्हणणारा हा तोतया रत्नागिरीला कैदेत होता. १७७६ मध्ये तो सुटला, कोकणातले कित्येक किल्ले त्याच्या ताब्यात गेले, आणि त्याचा मोड करण्यासाठी पुणे दरबाराला फौजा पाठवाव्या लागल्या. अखेर पकडून, चौकशी करून त्याला त्याच वर्षी पुण्यात देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांनी याच विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

कालप्रवासकथेच्या वाचकाने तोतयाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. पंधरा वर्षांपूर्वी गर्दीत गडप झालेला माणूस परत येतो आणि 'मी तिकडे होतो' असे सांगतो. त्याच्याजवळ फूल नाही, पान नाही. आहे ती फक्त ऐकणाऱ्यांची इच्छा. भाऊ जिवंत असावेत असे ज्यांना वाटत होते त्यांना तो पटला. चौकशी करणाऱ्यांनी मात्र राजेंद्रसारखाच प्रश्न विचारला, की तुझ्याजवळ पुरावा काय. आझाद मैदानावरच्या गर्दीत नाहीसे होणारे गायतोंडे लिहिताना नारळीकरांच्या मनात भाऊ होते की नव्हते, हे ठरवण्याचे कारण नाही. मराठी वाचकाच्या मनात मात्र ते असतात, आणि म्हणूनच गर्दीतून परतलेल्या माणसाच्या खिशात काय आहे, हे पाहण्याची त्याला घाई असते.

तिसऱ्या पदराचे, म्हणजे नाकारलेल्या अध्यक्षपदाचे महत्त्व आमच्या लक्षात उशिरा आले आणि तेही विद्यार्थ्यांच्या लेखनामुळे. कथा वाचून झाल्यावर आम्ही त्यांना स्वाध्याय दिला होता, तो असा : आपल्या परिसरातला एखादा वळणाचा क्षण निवडा, तो दुसरीकडे वळवा, तिथे एक प्रवासी पाठवा आणि त्याला परत आणा.

बारामतीच्या मुलांसाठी क्षण तयारच होता. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला थोरले बाजीराव वारले, तेव्हा पेशवेपदासाठी बारामतीच्या बाबूजी नाईक जोश्यांचे नाव पुढे आले होते. बाबूजी मोठे सावकार. बाजीरावांना त्यांचे देणे होते आणि बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना दिलेली होती. रघुजी भोसल्यांचा बाबूजींना पाठिंबा होता. शाहू महाराजांनी दोन महिन्यांच्या आत पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांना दिली आणि इतिहास आपल्या ओळखीच्या वाटेने गेला. बारामतीच्या मुलांनी ही वस्त्रे उत्साहाने बाबूजींच्या अंगावर घातली. कऱ्हेच्या काठी शनिवारवाडा उठला, पानिपत टळले, इंग्रज समुद्रातून परत गेले. मधला भाग बहुतेकांनी रंगवून लिहिला होता. शेवटी मात्र कोणाला आईने हाक मारली, कोणाचा मोबाइल वाजला, कोणी एसटीत जागा झाला. स्वप्नाच्या या शेवटांवर वर्गच हसला. का हसलो, असे विचारल्यावर एका विद्यार्थिनीने जे उत्तर दिले ते आम्ही टिपून ठेवले. ती म्हणाली, "सर, याचं काहीच गेलं नाही. सगळं मिळालं आणि फुकट मिळालं."

तिच्या म्हणण्याचा धागा धरून आम्ही बाबूजींकडे परत गेलो. ते पेशवे झाले असते तर बारामतीला काय मिळाले असते हे सर्वांनी लिहिले होते. काय गेले असते? मोरोपंत गेले असते. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले मोरोपंत नाईकांच्या आश्रयामुळे बारामतीत स्थिरावले आणि १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. नाईक पेशवे झाले असते तर त्यांचे बिऱ्हाड सातारा-पुण्याकडे हलले असते आणि आर्या रचणारा कवी कऱ्हेकाठी राहण्याचे कारणच उरले नसते. पेशवेपद हुकले म्हणून नाईक बारामतीचे राहिले आणि म्हणून बारामतीला मोरोपंत लाभले. ही मांडणी अर्थात अनुमानाची आहे. पण ती फळ्यावर लिहिताच वर्गातला सूर बदलला. आतापर्यंत सगळे गंमत म्हणून चालले होते. आता पारड्यात दोन्हीकडे वजन पडले आणि तो दुसरा इतिहास एकाएकी शक्य वाटू लागला.

इथे नारळीकरांच्या शेवटाचा अर्थ उलगडला. गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या जगात मराठे जिंकले आहेत, पण त्या जगात पंतांचा मुलगा कचेरीत सापडत नाही आणि पंतांना ज्याचे व्यसन आहे त्या अध्यक्षपदाला किंमत नाही. विजय देशाचा आहे, नुकसान प्रवाशाचे आहे. परतल्यावर ते विजयाची मिरवणूक काढत नाहीत. हजाराव्या खुर्चीवर पाणी सोडतात. माणूस खरोखर कोठे जाऊन आला असेल तर तो होता तसा परत येत नाही, ही साधी कसोटी इथे पुरी होते. फाटके पान राजेंद्रसाठी आहे. वाचकाला खात्री पटते ती नाकारलेल्या खुर्चीमुळे. आणि पानिपत जागच्या जागी राहते. पंत परत येतात त्या जगात विश्वासरावांना गोळी लागलेलीच आहे. कथेने तो पराभव पुसला असता तर मराठी वाचकाला क्षणभर सुख झाले असते आणि दुसऱ्या क्षणी त्याने पुस्तक बाजूला ठेवले असते. कारण १७६१ नंतरच्या सगळ्या इतिहासाने तो स्वतः घडलेला आहे. या कथेवर 'मनाला बरे वाटेल असा इतिहास' म्हणून प्रेम करणारे वाचक आम्हांला भेटले आहेत. त्यांनी शेवट वगळून कथा वाचली, एवढेच म्हणता येईल.

इंदापूरकडच्या मुलांनी निराळा क्षण निवडला. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, त्यांची गढी तिथे आहे, तेव्हा कोणीतरी तिकडे जाईल असे आम्हांला वाटले होते. पण बहुतेकांनी उजनी धरण निवडले. १९८० साली पुरे झालेल्या या धरणाच्या जलाशयात तालुक्याच्या भीमाकाठची गावे गेली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर पाण्याखाली आहे आणि पाणी फार ओसरलेल्या उन्हाळ्यात ते वर येते. विस्थापित कुटुंबांतली मुले वर्गात आहेत आणि त्याच पाण्यावर पिकलेल्या उसाच्या पैशांतून फी भरणारीही आहेत. काही जण दोन्हीही आहेत. धरण झालेच नाही, असे जग लिहायला बसलेल्या या मुलांना शेवट सोपा नव्हता.

त्यांतली एक गोष्ट आम्हांला विसरता येत नाही. प्रवासी मुलगी न बुडालेल्या गावात पोचते. घाट आहे, मंदिर आहे, आजोबांचा वाडा आहे, आणि वाड्याच्या दारात आजी बसलेली आहे. मुलगी तिला हाक मारते. आजी विचारते, "कोणाची गं तू, बाई?" कारण साधे होते. गाव उठले म्हणून कुटुंब नव्या गावठाणात आले, तिथे शेजार मिळाला आणि त्या शेजारातून आईवडिलांचे लग्न जमले. गाव बुडाले नसते तर ही मुलगी जन्मलीच नसती. गोष्टीत विज्ञानाचा एक शब्द नव्हता, पुरावा म्हणून आणलेली वस्तूही नव्हती. ती परत कशी आली याचे स्पष्टीकरणसुद्धा दोन ओळींत उरकले होते. तरी वर्गात कोणी 'हे स्वप्न होते का' असे विचारले नाही.

या गोष्टीने गाव बुडाल्याचे दुःख पुसले नाही आणि धरणाचे समर्थनही केले नाही. दोन्ही जगांचा हिशेब तिने स्वतःच्या अस्तित्वावर मांडला. भूतकाळ बदलण्याची इच्छा आपल्या समाजात आज फार बलवान आहे आणि ती इच्छा पुरी करून देणारे लेखन भरपूर मिळते. त्यातले पुष्कळसे तोतयासारखेच ऐकणाऱ्याच्या इच्छेवर उभे असते. साहित्याच्या शिक्षकाला एवढे तरी करता येईल, की या बदललेल्या भूतकाळातून परत येणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला शिकवावे : तू काय आणलेस? आणि तुझे काय गेले?

पुढच्या बैठकीसाठी आम्ही स्वाध्याय बदलला आहे. आता गोष्टीचे शेवटचे पान आधी लिहून आणायचे आहे. ते वर्गात वाचले जाईल आणि पटले तरच पहिले पान लिहायला घ्यायचे.